प्रार्थनेतला टोमणा

मला प्रार्थना चांगली जमते. उगाच नम्रतेचा आव आणून काय उपयोग, आमच्या मंडळीत हे सगळ्यांनाच माहीत आहे. मंडळी म्हणजे पिंपळवंडी आणि आसपासच्या वस्त्यांवरची आम्ही नऊ-दहा ख्रिस्ती कुटुंबं. कुणी बागाईत करतं, कुणी गवंडीकाम, एक जण दवाखान्यात कंपाउंडर आहे. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबट खोली आहे, तेच आमचं चर्च. पाळकसाहेब महिन्याच्या पहिल्या रविवारी मोटारसायकलवर येतात, त्या दिवशी प्रभुभोजन असतं. बाकीचे रविवार आम्हीच उपासना चालवतो. आणि दर गुरुवारी दुपारी तीनला बायकांची घरप्रार्थना, या गुरुवारी हिच्या घरी, पुढच्या गुरुवारी तिच्या. तिथे शेवटची प्रार्थना कोणी करायची हा प्रश्न गेल्या वीस-बावीस वर्षांत पडलेला नाही. सगळ्या माझ्याकडे बघतात, पदर सावरतात आणि डोळे मिटतात.

आमच्यात एक गंमत आहे. एरवी आम्ही सगळ्या 'व्हतं' आणि 'न्हाई' बोलणाऱ्या, पण प्रार्थनेला सुरुवात झाली की एकदम शुद्ध. 'हे प्रेमळ स्वर्गीय पित्या' एवढं तोंडातून निघालं की पुढचं सगळं आपोआप पुस्तकी होतं. दुसरी गंमत अशी की देवाला सांगता सांगता शेजारणीलाही सांगून होतं. 'प्रभू, तुला माहीतच आहे की आमच्या थोरलीला चाकणचं स्थळ आलं आहे,' असं कुणी म्हणतं. प्रभूला माहीत असतं, आम्हाला नसतं. मग आम्ही डोळे घट्ट मिटून कान टवकारतो आणि आमेन झाल्यावर मुलगा काय करतो ते विचारतो.

एवढं चालून जातं. पण याच वाटेने टोमणाही जातो. ज्याला मारायचा तो समोर मान खाली घालून बसलेला असतो, प्रार्थनेत मध्ये बोलायची सोय नसते, आणि शेवटी सगळ्यांबरोबर त्यालाही आमेन म्हणावं लागतं. ही युक्ती मी शोधलेली नाही. आमच्यात ती सगळ्यांनी कधी ना कधी केली आहे आणि सगळ्यांनी सोसली आहे. माझा हात त्यात जरा जास्त साफ होता, इतकंच.

मी हे सांगतेय ते माझ्या धाकट्या जावेपायी. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तिचं स्थळ मीच सुचवलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा टोमॅटोची झाडं तारेला बांधायला तिला मी शिकवलं, वांग्याचं भरीत तिने मला शिकवलं. दोघा भावांची घरं पुढे वेगळी झाली तरी शेताला शेत लागून राहिलं आणि आमचं बोलणं दिवसातून चार वेळा बांधावरून व्हायचं. ती मोठ्याने हसते. गाणं तिला अजिबात येत नाही, तरी उपासनेत सगळ्यांत मोठा आवाज तिचाच. मी त्याला हसत असले तरी त्या आवाजाची मला सवय झाली होती.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तो आवाज रविवारी येईनासा झाला. तिने चर्चच्या समोरच्या, रस्त्यापलीकडच्या दीड एकरात टोमॅटो केला होता. तोडा सुरू झाला आणि तिने रविवारचा दिवस धरला, कारण त्या दिवशी तोडणीला बायका मिळायच्या. आठवडाभर त्या दुसऱ्यांच्या मळ्यात गुंतलेल्या असत. आम्ही आत गीत म्हणत असू आणि बाहेरून क्रेट आदळल्याचा आवाज येई. मी पहिल्या रविवारी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या रविवारी माझं गीतातलं कडवं चुकलं. चौथ्या रविवारी माझ्या नाकाला मिरच्या झोंबायला लागल्या होत्या.

आमच्या घरात रविवारी शेतात पाऊल टाकायचं नाही, हे सासऱ्यांपासून चालत आलेलं. माझा टोमॅटोही रविवारी पिकतो, पण मी तो शनिवारी थोडा कच्चा तोडते नाही तर सोमवारी थोडा जास्त पिकलेला. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे. पण तिला सरळ जाऊन 'असं करू नकोस' म्हणायला बांधापलीकडे दहा पावलं जायचं होतं, तेवढं मी केलं नाही. तोंडावर बोलले असते तर तिने उत्तर दिलं असतं, आणि तिचं उत्तर मला ऐकायचं नव्हतं.

त्या गुरुवारी घरप्रार्थना तिच्याच घरी होती. दीड एकराचा तोडा अंगावर असताना तिने घर सारवल्यासारखं लख्ख पुसलं होतं, नवी चटई अंथरली होती, आणि स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास येत होता. गीतं झाली, शास्त्रपाठ झाला, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. मीही मिटले.

मी म्हटलं, "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, या घरासाठी आम्ही तुझे उपकार मानतो. या घराला तू भरपूर पीक दिलंस. पण प्रभू, पीक देणाऱ्याला विसरून जे पिकाच्याच मागे लागतात त्यांना तू समज दे. तुझी लेकरं तुझं गौरव करत असताना ज्यांना क्रेट भरायची घाई आहे, त्यांची मनं तू मऊ कर. तुझ्या दिवसाचा ज्यांनी बाजार केला आहे त्यांचे डोळे तू उघड, आणि उशीर होण्याआधी उघड." आणखीही बरंच होतं. वाक्यावर वाक्य सुचत गेलं. इतकी रंगलेली प्रार्थना मी बऱ्याच दिवसांत केली नव्हती, आणि खरं सांगायचं तर करताना मला आनंद होत होता.

सगळ्या आमेन म्हणाल्या. धाकटीही म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणाली. डोळे उघडले तेव्हा कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ती उठली, आत गेली आणि शिऱ्याच्या बशा घेऊन आली. मला तिने दुसऱ्यांदाही वाढला. मी नको म्हणाले नाही. काजू घातलेला, साजूक तुपातला शिरा होता आणि मी दोन बशा खाल्ल्या.

त्यानंतर ती गुरुवारी येईनाशी झाली. बांधावर भेट झाली की आमच्यात म्हणतात तसा 'सलाम' म्हणायची, पण परक्या माणसाला म्हणावा तसा, आणि कामाला लागायची. भाजीची वाटी यायची बंद झाली. मी एकदा आमटी पाठवली तर पातेलं घासून, पुसून, रिकामं परत आलं. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. महिना असा गेला. मी वरवर ताठ होते, पण मला तिची फार आठवण यायची. बांधाच्या कडेला उभं राहून मोठ्याने हसणारं दुसरं कुणी मला नव्हतं.

घरी मी वाद घालायचे. वाद घालायला आमचे हे होते. ते दिवसातून मोजकं बोलतात, त्यामुळे वाद मीच दोन्ही बाजूंनी करायचे.

"मी काय खोटं बोलले? ती रविवारी तोडा करते का न्हाई?"

"करती," हे म्हणाले.

"मंग? खरं बोलायचं न्हाई का माणसानं?"

"खरं व्हतं म्हणून तर लागलं," हे म्हणाले आणि रेडिओ लावला.

माझ्याजवळ शेवटचा आधार तेवढाच होता, मी खरं बोलले हा. त्याच्यावर मी महिनाभर उभी राहिले. पण प्रभू सत्य कसं बोलायचा ते मी इतकी वर्षं वाचत आले आहे. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशीच बोलायचा, बहुतेक वेळा त्याच्या घरी जेवायला बसून बोलायचा, आणि समोरच्याला उत्तर द्यायला जागा ठेवायचा. मी जेवण तेवढं घेतलं होतं, उत्तराला जागा ठेवली नव्हती.

मग एका गुरुवारी कंपाउंडरच्या घरी प्रार्थना होती, तिथे मी ठरवून माफी मागितली. प्रार्थनेतच मागितली. 'हे पित्या, माझ्या जिभेने एका बहिणीला दुखावलं, मला क्षमा कर,' असं म्हणताना मी डोळ्याला पदर लावला. दोघी-तिघींनी डोळे पुसले. मी हलकी होऊन घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं.

"ती व्हती तिथं?" ह्यांनी विचारलं.

"ती कशाला येतीया."

"मंग माफी मागितली कुणाची?"

"देवाची."

"देवाच्या घरचा शिरा खाल्ला व्हता का तू?"

लग्नाला सदतीस वर्षं झाली, हा माणूस मला इतकं कधी बोललेला आठवत नाही. मी चिडून भाकऱ्या थापायला बसले आणि दोन करपवल्या. म्हणजे माफीसुद्धा मी पुन्हा त्याच वाटेने पाठवली होती, डोळे मिटून, शुद्ध भाषेत, जिथे मला कुणी उत्तर देणार नाही अशा ठिकाणी. आणि वर माझं कौतुकही करून घेतलं होतं.

तीन दिवसांनी महिन्याचा पहिला रविवार आला. पाळकसाहेब वेळेवर आले. आमच्याकडे भाकर आणि प्याला वाटण्याआधी ते दोन मिनिटं शांत बसायला सांगतात, आपापलं मन तपासायला. इतकी वर्षं त्या दोन मिनिटांत मी कोण आलंय आणि कोण नाही ते तपासायचे. त्या दिवशी सगळं शांत झालं आणि रस्त्यापलीकडून क्रेट आदळला. मग दुसरा. मला पहिल्यांदाच तो आवाज ऐकून राग आला नाही.

भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, ही शिकवण मी संडेस्कूलच्या पोरांना किती वर्षं देत आले. फळ्यावर वेदी काढून, त्यापुढे टोपली काढून, टोपलीकडे पाठ केलेला माणूस काढून. पोरं विचारायची, तो माणूस परत येईपर्यंत टोपली कुणी नेली तर? मी हसून सोडून द्यायचे. तो माणूस उठतो कसा, सगळ्यांसमोर चालत दारापर्यंत जातो कसा, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचार केला नव्हता.

मी उठले. गुडघ्याचा आवाज झाला तेवढा सगळ्यांनी ऐकला. पुढे जाऊन पाळकसाहेबांना हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मला आत्ता घेता येत नाही. मी समोरच्या शेतात जाते. थांबू नका, तुम्हाला पुढे शिनोलीच्या मंडळीत पोचायचंय." त्यांनी समोर पाहिलं, बाहेरचा आवाज त्यांनीही ऐकला असणार. "जा," एवढंच म्हणाले.

पांढरी साडी, चपला, डोक्यावर पदर, आणि अकराचं ऊन. रस्ता ओलांडून मी सरीत उतरले तेव्हा तोडणीच्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या. उपासना अर्धी टाकून ख्रिस्ती बाई बाहेर आली म्हणजे काहीतरी वाईट घडलं, असंच कुणालाही वाटेल. धाकटी हातातली बादली टाकून धावतच आली. महिन्याभरात ती पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय झालं? भाऊजी बरं हायेत ना?"

"सगळी बरी हायेत. मी तुझी माफी मागायला आलेय."

ती थांबली. चेहऱ्यावरची काळजी गेली आणि महिन्याभराचं दार परत लागलं. "आत्ता? बाराला पिकअप यायचाय, बाई," असं म्हणून तिने बादली उचलली आणि तोडायला लागली. मी तिच्या मागे मागे सरीतून चालत राहिले.

"त्या गुरुवारी मी बोलले ते..."

"खोटं थोडंच बोललात? मी रविवारी तोडते. आज बी तोडतीच हाय."

माझं सगळ्यांत पक्कं वाक्य तिने माझ्यावरच टाकलं. तिच्या तोंडून ऐकल्यावर कळलं की त्या वाक्यात काहीच दम नाही.

"खरं बोलले," मी म्हणाले. "पन तू सुधारावीस म्हणून न्हाई बोलले. सगळ्यांदेखत तुला खाली बघायला लागावं म्हणून बोलले. तुझ्या घरात बसून बोलले, आन तू उलट बोलू नयेस म्हणून देवाला मधी घातलं. ते लई वाईट केलं मी."

हे सगळं मी डोळे उघडे ठेवून, तिच्या पाठीकडे बघत, चार मजूर बायांसमोर बोलले. 'पित्या' नाही, 'क्षमा' नाही. इतकं अवघड बोलणं मी आयुष्यात केलेलं नाही. तिचा हात टोमॅटोवर तसाच राहिला.

"तुमाला एक सांगू?" ती न वळता म्हणाली. "त्या दिवसापासनं मला प्रार्थनाच व्हत न्हाई. रात्री निजताना बसते. डोळं मिटलं की तुमचा आवाज येतो. 'क्रेट भरायची घाई.' मंग उठून भांडी घासते."

मी सरीतच खाली बसले. ती रुसली आहे, हे मला माहीत होतं. रुसवा काढता येतो. पण रोज रात्री देवाशी बोलायला बसणारी बाई, आणि मध्ये मी उभी. ज्या एका कामाचा मला एवढा गर्व, त्याच कामाने मी दुसरीची प्रार्थना बंद पाडली होती. मला रडू आलं आणि या वेळी ते कुणाला दाखवायचं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला. तो मातीने आधीच भरला होता.

"माफ कर मला," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही. मला, जिला एरवी वाक्यावर वाक्य सुचतं.

ती बराच वेळ तोडत राहिली. बादली भरली, क्रेटमध्ये ओतून आली. मग म्हणाली, "माफ केलं. आपल्यात करावंच लागतं, ते काय मला ठावं न्हाई? पन मनातनं जायला येळ लागंल, बाई. घाई करू नका."

"न्हाई करत."

"मंग बसून काय ऱ्हायलात? पिकअप यायला अर्धा तास हाय. ती कडंची सरी धरा."

आणि मी धरली. रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळेला, पांढऱ्या साडीचा ओचा खोचून मी टोमॅटो तोडले. रविवारच्या तोड्याबद्दल माझं मत तेव्हा बदललं नाही आणि आजही बदललेलं नाही. ते मी हल्ली तिला तोंडावर सांगते, आणि ती मला मजूर कुठून आणायचे ते तोंडावर विचारते, ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या दिवशी मला एवढं पक्कं ठाऊक होतं की मी जिथे असायला हवं तिथेच होते. मंडळीत पहिल्या बाकावर बसून इतकं पक्कं मला क्वचितच वाटलं असेल. समोरून गीताचा आवाज आला, उपासना संपली, माणसं बाहेर पडली. काही जण रस्त्यावर उभे राहून आमच्याकडे बघत राहिले. आमचे हेही त्यात होते. त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि घराकडे चालायला लागले.

पिकअप आला, क्रेट चढले, बायका जेवायला आंब्याखाली गेल्या. मी कंबर धरून उभी होते. धाकटी रस्त्यापलीकडे बघत होती.

"पाळकसायबांची गाडी हाय अजून."

मीही पाहिलं. मोटारसायकल चर्चच्या दाराशी तशीच उभी होती. एव्हाना ते शिनोलीच्या वाटेला लागलेले असायला हवे होते. दारातून आत टेबल दिसत होतं, आणि त्यावरचं पांढरं फडकं अजून काढलेलं नव्हतं.

"मी थांबू नका म्हणाले व्हते," मी म्हटलं.

"थांबलेत खरं." तिने बादली बांधाला पालथी घातली. मग म्हणाली, "चला. पन हे असं हात घिऊन कसं जायचं?"

ज्यांनी टोमॅटो तोडला आहे त्यांना ते हात माहीत आहेत. पाल्याचा हिरवा रस बसून बसून काळा होतो, साबणाने निघत नाही, आणि त्या हाताने भाकरी खाल्ली तर घास कडू लागतो. तो काढायला एकच उपाय. तिने बांधावर टाकलेल्या फुटक्या मालातून लालभडक टोमॅटो उचलला, माझा उजवा हात ओढून घेतला आणि त्यावर तो पिळला. मी स्वतः चोळून घेतलं असतं, चाळीस वर्षं घेतेच आहे. मी हात मागेही घेतला. तिने सोडला नाही. एकेक बोट धरून, नखांच्या कडांपर्यंत चोळलं, मग डावा हात घेतला, आणि ड्रीपच्या नळीचं टोक उघडून दोन्हींवर पाणी सोडलं. सगळा वेळ ती माझ्याकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती.

मग तिने दुसरा टोमॅटो माझ्या हातात दिला आणि आपले हात पुढे केले.

"आता माजं," ती म्हणाली.

तिचे हात पहाटेपासूनचे होते, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त काळे. ते स्वच्छ व्हायला तीन टोमॅटो लागले.